भातुकलीचा सर्व्हर

“ही शीतल कोण?” मी भरतेशला विचारलं.

“रक्तदाता,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

“ते मला वाचता येतंय. कोण म्हणजे, तुझी कोण?”

“टेस्टमधलं नाव आहे. चहा घेणार?”

कुणी विषय बदलला की मला लगेच कळतं, कारण समोरच्याला तो मी सहसा बदलू देत नाही. सासरचे सगळे या स्वभावाला भोचकपणा म्हणतात. मी त्याला चौकसपणा म्हणते, आणि सॉफ्टवेअर तपासायच्या कामात त्याचा पगार मिळतो असं त्यांना सांगते.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी मूळची अलिबागची. नवऱ्याची रेल्वेतली बदली मिरजेला झाली म्हणून तिथे गेले आणि माळवदे सरांच्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे तंबोऱ्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही तिघंच होतो. सर गिऱ्हाइकं आणायचे, भरतेश प्रोग्रॅम लिहायचा आणि मी त्यातल्या चुका काढायचे.

तेव्हा आम्ही एका रक्तपेढीसाठी प्रोग्रॅम करत होतो. पेशंटला रक्त लागलं की त्याच्या गटाचे दाते शोधायचे आणि त्यांच्या मोबाइलवर निरोप धाडायचा, एवढंच त्याचं काम. पण ते नीट चालतंय की नाही हे तपासायचं कसं? दर वेळी खरे निरोप पाठवले तर गावभर गोंधळ व्हायचा. म्हणून भरतेशने एक लुटुपुटीचा सर्व्हर लिहिला होता. टेस्ट सुरू झाली की तो कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या मेमरीत उभा राहायचा, प्रोग्रॅमने पाठवलेला निरोप घ्यायचा, खऱ्या मेसेज कंपनीच्या थाटात ‘पोचला’ असं उत्तर द्यायचा आणि टेस्ट संपली की पुसला जायचा. ना कुठे फाइल, ना कुठे नोंद. प्रोग्रॅमला वाटायचं, आपण जगाशी बोललो.

पहिल्या दिवशी हे ऐकून मी म्हटलं होतं, “म्हणजे भातुकली. रिकाम्या कपातून चहा द्यायचा, समोरच्याने भुरके मारायचे.”

भरतेशला ते इतकं आवडलं की त्याने सर्व्हरचं नाव खरंच भातुकली ठेवलं.

टेस्टमध्ये दाते आणि पेशंट म्हणून नावं लागायची, मोबाइल नंबर लागायचे. तिथे आमच्या ऑफिसात एक पद्धत पडून गेली होती. खोटे नंबर कोण सुचवत बसणार? ज्याला जो नंबर तोंडपाठ, तो त्याने घालायचा. कुठे जाणार होते ते निरोप? सरांनी सासूबाईंचा घातला होता, मी माझ्या आत्याचा. पेशंटला मात्र आम्ही ‘पेशंट एक’, ‘पेशंट दोन’ अशी नावं द्यायचो. उगाच कुणाला आजारी कशाला पाडा?

फक्त एका टेस्टमध्ये तसं नव्हतं. तिथे पेशंटचं नाव होतं भरतेश, गट ओ निगेटिव्ह, आणि बोलवायची होती ती एकटी शीतल.

आता सांगा, माझ्यासारखीने काय समजायचं? हा मरायला टेकलाय आणि ती धावत येऊन रक्त देते आहे, असा पिक्चर माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यात सकाळी आल्या आल्या तो आधी ही एकच टेस्ट चालवायचा. हिरवी झाली, भातुकलीने ‘पोचला’ म्हटलं, की मग बाकीच्या चालवायचा. मी त्याला चिडवायचे, “काय, आली का रे शीतल?” तो हसायचा. पण ते हसणं मला हवं तसं नसायचं, म्हणून माझी उत्सुकता आणखी वाढायची.

एकदा मी त्याला कामाचं म्हणून विचारलं, “ही भातुकली कधी नाही म्हणतच नाही. फोन बंद आहे, उचलत नाही, असं उत्तर पण यायला हवं ना?”

“हवं,” तो म्हणाला.

“मग लिही की.”

“लिहितो,” म्हणाला, आणि बाकी सगळ्या टेस्टना त्याने ते लिहिलं. शीतलच्या टेस्टला नाही.

रक्तपेढी चालवायच्या डॉक्टर इनामदार. पन्नाशीच्या, बोलायला तोलूनमापून. आमच्या प्रोग्रॅमवर त्यांचा विश्वास नव्हता आणि तसं त्या तोंडावर सांगायच्या. “सध्या मी स्वतः एकेकाला फोन करते,” त्या सरांना म्हणाल्या होत्या. “ओ निगेटिव्हवाले माझ्याकडे मोजके आहेत. त्यांना एकदा फुकट बोलावलं की पुढच्या वेळी ते निघत नाहीत. तुमच्या मशीनने एक खोटा निरोप धाडला तर माझा माणूस गेला. मग मी पेशंटच्या घरच्यांना काय सांगू?”

“मॅडम, असं होणारच नाही,” सर म्हणाले होते.

शनिवारी सकाळी रक्तपेढीत प्रोग्रॅम दाखवायचा ठरला. पहिल्या मजल्यावरची खोली. एका टेबलावर आमचा लॅपटॉप, समोर मॅडम, भिंतीला टेकून दोन टेक्निशियन. भरतेशने सगळं मांडलं, पण वायर पुरेना, म्हणून तो एक्स्टेन्शन बोर्ड आणायला खाली गेला. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, “खरा निरोप कसा दिसतो? माझ्या मोबाइलवर एक पाठवून दाखवा.”

सरांना भरतेशसाठी थांबायची गरज वाटली नाही. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, सेटिंगमध्ये जाऊन भातुकली काढली, तिथे खऱ्या मेसेज कंपनीचा पत्ता टाकला आणि मॅडमचा नंबर घातला. इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या ऑफिसात भरतेशने एक शिस्त लावली होती. काहीही पाठवायच्या आधी सगळ्या टेस्ट चालवायच्या, मगच पुढे जायचं. बटणही त्याने तसंच करून ठेवलं होतं. सरांनी ते बटण दाबलं. मी बाजूलाच बसले होते, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

स्क्रीन लाल व्हायला लागली. एकामागून एक, सगळ्या टेस्ट लाल. इतका लाल रंग मी त्या प्रोग्रॅममध्ये कधी बघितला नव्हता.

“लाल म्हणजे काय?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे... पोचले नाहीत बहुतेक,” सर म्हणाले.

पोचले होते. भातुकलीत ते सापडले नाहीत म्हणून टेस्ट लाल झाल्या होत्या. भातुकली सरांनी नुकतीच काढून ठेवली होती, आणि निरोप थेट बाहेर गेले होते.

पहिला फोन सरांना आला. सासूबाईंचा. कुणाला काय झालं, जावईबापू, कुठल्या दवाखान्यात ठेवलंय? पाठोपाठ अलिबागहून माझी आत्या. “अगो, मला मेसेज आलाय मिरजेला रक्त द्यायला ये म्हणून. इंग्रजी अक्षरांत मराठी लिवलंय, शेजारच्या सुनेकडून वाचून घेतला. मला साखर आहे, बीपी आहे, माझं रक्त घेऊन तो पेशंट जगायचा कसा?”

मला हसू आवरेना. आत्याला समजावलं, फोन ठेवला आणि वर बघितलं तर मॅडम हसत नव्हत्या.

“माझ्या दात्यांना गेले का?” त्यांनी विचारलं.

“नाही मॅडम,” सरांच्या कपाळावर घाम होता. “तुमच्या दात्यांची नावं अजून यात घातलीच नाहीत. हे सगळे आमच्याच घरचे.”

“मग त्या एकेकाला फोन करा. आत्ता. कुणी घरातून निघायच्या आत.”

भरतेश बोर्ड घेऊन दारात आला तेव्हा सर आणि मी फोनवरून माफी मागत सुटलो होतो. त्याने स्क्रीन बघितली. त्याला सांगावं लागलं नाही. हातातला बोर्ड त्याने जमिनीवर ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून बसला.

“सगळ्यांना गेले?” त्याने विचारलं.

“सगळ्यांना. अरे, घाबरतोस काय एवढा? तुझ्या शीतलला पण सांगून टाकू. नंबर दे, मी बोलते.” माझ्या आवाजात अजून आत्याचं हसू होतं.

“शीतल माझा दादा आहे,” भरतेश म्हणाला.

आमच्याकडे शीतल म्हणजे मुलगीच. सांगलीकडच्या जैन घरांत ते पुरुषाचं नाव असतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मनातला सगळा पिक्चर पुसायला मला थोडा वेळ लागला. आणि मग लक्षात आलं, की शिरोळकडच्या कुठल्याशा गावात याच्या सख्ख्या भावाला निरोप गेला आहे, की भरतेशला तातडीने रक्त हवंय, मिरजेच्या रक्तपेढीत या.

“मग फोन कर त्याला. लगेच.”

त्याने फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. “माझा नंबर तो उचलत नाही,” तो म्हणाला.

मी माझ्या फोनवरून लावला. तोही कुणी उचलला नाही. पुन्हा लावला तेव्हा संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणून बाई सांगायला लागली. घरी दुसरा फोन? नव्हता. शेजारी? भरतेशला नंबर माहीत नव्हते. त्या गावात तो चार वर्षांत गेलाच नव्हता.

“का?” मी विचारलं. ही वेळ विचारायची नव्हती, पण मी विचारलं.

तो लपवायच्या पलीकडे गेला होता. “अप्पा आजारी होते. मी तेव्हा पुण्याला. दादाने फोन केला, ताबडतोब निघ, काही खरं नाही. मी गेलो, तर अप्पा अंगणात बसून ऊस खात होते. महिन्याने परत फोन. परत गेलो, परत तेच. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा माझ्या कामाची डेडलाइन होती. म्हटलं, रविवारी येतो. रविवारची गरज पडली नाही. स्मशानातून परतताना दादा म्हणाला, तुला बोलावलं की तू येत नाहीस, आता बोलावणारही नाही. तेव्हापासून बोलणं बंद.”

“मग ती टेस्ट?”

“मिरजेत आलो तेव्हा लिहिली. सहज.” त्याने खाली बघितलं. “त्यात रोज उत्तर यायचं. पोचला म्हणून. मला बरं वाटायचं.”

मॅडम हे सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतील. पण त्यांनी शांतपणे विचारलं, “येतील ते?”

“नाही येणार,” भरतेश म्हणाला. “आला तर वाईट. त्याला कळेल की मी खोटं बोलावलं, मग तो कायमचाच गेला. आणि नाही आला तर त्याहून वाईट. मी मरायला टेकलोय म्हणून निरोप गेला आणि तो आला नाही, हे मला आयुष्यभर माहीत असणार. आजवर ते माहीत नव्हतं, बरं चाललं होतं.”

सर म्हणाले, आपण गाडी काढून गावाकडे जाऊ. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. “रस्त्यात चुकामूक झाली तर? ते इथे येऊन विचारतील. त्यांच्यासमोर हा उभा असायला हवा. मी नाही सांगणार त्यांना.”

मग आम्ही थांबलो. भरतेश बाहेरच्या काउंटरसमोरच्या बाकड्यावर बसला आणि मी त्याच्या शेजारी. मी अधूनमधून फोन लावत होते. जिन्यावर पाऊल वाजलं की तो मान वर करायचा, आणि दुसरंच कुणी दिसलं की ती खाली घालायचा. कुणाचं बाळंतपण होतं, कुणाचं ऑपरेशन. पिशव्या नेल्या जात होत्या, सह्या होत होत्या. मी त्याला पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं. मला त्याची दया येत होती, आणि खरं सांगते, तो भाऊ येतो की नाही हे बघितल्याशिवाय मला तिथून कुणी ओढूनही नेऊ शकलं नसतं.

रक्तपेढीचं ते काम पुढे आम्हालाच मिळालं. पण त्या दुपारी ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं. सरांच्यासुद्धा नाही.

जेवणाची वेळ टळून गेली. भरतेश उठला. “चला,” म्हणाला. “कळलं मला.”

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस धापा टाकत वर आला. चाळिशीचा असेल. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना शेतातला चिखल वाळून चिकटलेला. आमच्याकडे न बघता तो थेट काउंटरला भिडला.

“भरतेश चौगुले. कुठल्या वार्डात ठेवलाय?”

काउंटरवरची मुलगी रजिस्टर चाळायला लागली.

“दादा,” भरतेश म्हणाला.

तो वळला. त्याने भरतेशला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग परत डोक्यापासून पायापर्यंत. पट्टी, सुई, काहीच दिसेना.

“कुठं लागलंय?”

“कुठं न्हाई.”

“मग?”

“चुकून गेला मेसेज. कॉम्प्युटरवरनं. आमी टेस्ट करतो, त्यातला हुता. मला काय झालेलं न्हाई, दादा.”

तो एक पाऊल पुढे आला. मॅडम खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता हा याच्या कानाखाली काढणार, आणि काढली असती तर मी मध्ये पडले नसते.

“त्यात माझं नाव कसं आलं?” शीतलने विचारलं.

“मी घातलं.”

“कवा?”

“मिरजेत आलो तवा. ते कुणाला जात नव्हतं. आतल्या आतच ऱ्हायचं. रोज घालायचो.”

“रोज?”

भरतेशने मान डोलावली. शीतल बाकड्यावर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंडावरचा घाम पुसला. आम्ही सगळे उभे होतो.

शेवटी मॅडम पुढे आल्या. “चूक आमच्या इथे झाली,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला उगाच त्रास झाला. तुम्ही ओ निगेटिव्ह ना?”

“न्हाई बाई,” शीतल म्हणाला. “मी बी पॉझिटिव्ह. ह्याचं आन् माझं जुळत न्हाई. ह्यो कॉलेजात असताना पडला हुता, तवाच डॉक्टरनं सांगितलेलं, तुमचं ह्याला चालायचं न्हाई.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“म्हाईत हुतं की.”

मला राहवलं नाही. “मग तुम्ही आलात ते...” एवढंच तोंडातून निघालं.

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. “म्हणून तर येळ लागला, ताई. माझं चालणार न्हाई म्हणल्यावर एकटा येऊन काय करू? तालमीत गेलो, सोसायटीत गेलो, देवळाम्होरं बसल्याली उठवली. कुणाचं कंचं हाय, कुणालाच ठावं न्हाई. म्हणलं, बसा गाडीत, तितं तपासत्याल. एखाद्याचं तरी लागंल.”

मी खिडकीशी गेले. खाली रक्तपेढीच्या फाटकात उसाच्या वाहतुकीचा एक ट्रक आडवा उभा होता, आणि मागच्या फळीला धरून माणसं वर बघत होती. एकाने बाही आधीच वर सारून ठेवली होती.

“जा,” शीतल भावाला म्हणाला. “तूच सांग जा त्यास्नी. मला न्हाई जमायचं.”

भरतेश जागचा हलेना. तेव्हा शीतल उठला, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला घेऊन जिना उतरायला लागला. मॅडमही खिडकीशी येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. दोघं भाऊ फाटकाशी पोचले. ट्रकमधल्या माणसांनी भरतेशला धडधाकट बघितलं. मग मागची फळी पडली आणि माणसं एकेक करून खाली उतरायला लागली. उतरतच राहिली.